गालातली गोळी

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या पाणी वरून पीत. तंजावरात आमच्याकडे सगळेच तसे पितात, पाणी, ताक आणि कॉफीसुद्धा. टंबलर ओठांच्या वर धरायचा, मान किंचित मागे टाकायची आणि धार सरळ घशात सोडायची. भांडं ओठाला लागलं की ते उष्टं झालं, तमिळात म्हणतात तसं एच्चिल झालं, आणि मग घासल्याशिवाय ते दुसऱ्या भांड्यांत मिसळत नाही. मुलं हे बोलण्याबरोबरच शिकतात. अंगावर सांडतात, ओरडा खातात आणि शिकतात. आत्याबाईंचा हात मात्र या कामात एवढा बसलेला होता की वाफाळत्या कॉफीची धारही त्या गिळल्याचा आवाज न करता सोडत. औषधाचंही तेच. काढा असो, पूड असो, डॉक्टरची गोळी असो. आ करायचा, वस्तू पडजिभेपाशी टाकायची, मागून पाणी. जिभेला पत्ताच लागत नसे.

उष्ट्याचा त्यांचा नियम भांड्यांवर थांबत नसे. ज्याच्या तोंडात काही आहे त्यानं स्वयंपाकघरात यायचं नाही. बोट ओठाला लागलं तर हात धुवायचा. सुपारीचं खांड तोंडात ठेवून तुळशीला पाणी घालायला निघालेल्या एका पाहुणीला त्यांनी अर्ध्या वाटेतून परत फिरवलं होतं, तेही गोड बोलून. या नियमात रोज सापडणारा माणूस एकच, माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणे. ते कचेरीतून निवृत्त झाले होते. सकाळची पूजा आटोपली की तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, जे बसत ते जेवायलाच आत येत. शेजारी पानाचा पितळी डबा. कुंभकोणमकडची कोवळी पानं, चुना, सुपारी आणि शेवटी तंबाखूची चिमूट, उजव्या गालात. ती एकदा बसली की मामंजींशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

आत्याबाई आतून विचारत, "ऐकलं का, आज काय करू? वांगी की पडवळ?"

"हूं."

"हूं म्हणजे वांगी की हूं म्हणजे पडवळ?"

"हूं हूं."

"गाल रिकामा झाला की कळवा. तोवर दोन्ही चिरते."

दुखणं सुरू झालं तेव्हा आत्याबाई साठीच्या आत होत्या. बाजारात किलोग्रॅम नुकते आले होते. दुकानदार पाटीवर किलो लिहीत आणि तोंडानं जुन्या पडीच्या मापातच बोलत. एका सकाळी डोशाचं पीठ वाटता वाटता आत्याबाई थांबल्या. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. कळ डाव्या खांद्यातून जबड्यापर्यंत जाई आणि थोडं बसलं की उतरे. आम्ही तिला वायू म्हटलं. हिंग झाला, ओवा झाला, सुंठ-जिरं घालून उकळलेलं पाणी झालं. मग विहिरीवरून घागर आणताना, मग तुळशीला प्रदक्षिणा घालताना, मग नुसता वरच्या फळीवरचा डबा काढताना तेच. मी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर आमच्याच वीधीत, म्हणजे गल्लीत, राहणारे, तमिळ, मोजकं बोलणारे. त्यांनी तपासलं आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या आहेत असं सांगितलं. तपकिरी काचेच्या इवल्याशा बाटलीत गोळ्या दिल्या, कच्च्या साबुदाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. "दुखायला लागलं की बसायचं आणि एक गोळी जिभेखाली ठेवायची. थोड्या वेळात उतरेल." हे मामंजींनी ऐकलं, मी ऐकलं, दाराआड उभ्या असलेल्या आत्याबाईंनीही ऐकलं.

गोळीचा काही उपयोग झाला नाही. कळ येई, आत्याबाई गोळी घेत, आणि कळ जायची तेव्हाच जाई. डॉक्टरांनी दुसरी बाटली मागवून दिली. तीही तशीच. डॉक्टरांचा चेहरा तेव्हापासून बदलला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "या गोळीनं उतरत नाही याचा अर्थ मला वाटलं होतं त्याहून जास्त बिघडलं आहे. घागर बंद, वाटणं बंद. गावाबाहेर तर मुळीच जायचं नाही."

हे शेवटचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांत जड पडलं. माझी नणंद पापनाशमला दिलेली. दोनदा तिच्या पोटात मूल राहून गेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. रीतीप्रमाणे ती बाळंतपणाला माहेरी यायची, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला खाट सोडायचीसुद्धा मनाई केली होती, गाडीचा प्रवास तर दूरच. तिच्या सासरी सासू नाही, जाऊ नाही, दुसरं बाईमाणूस नाही. जावई तिथल्या भाताच्या गिरणीत कामाला. एका रविवारी ते बसनं आले, तिण्णैवर मामंजींच्या शेजारी बसले आणि कॉफी न घेताच म्हणाले, "रात्रंदिवस एकच चाललंय तिचं, अम्मा कधी येणार. मी काय सांगू?"

मामंजींनी तंबाखू थुंकली. त्यांनी मधेच तंबाखू थुंकली की विषय गंभीर आहे असं आम्ही समजत असू. "डॉक्टर नाही म्हणतात," ते म्हणाले.

दारामागून आत्याबाई म्हणाल्या, "डॉक्टरांना काय, ते माझ्या छातीचे डॉक्टर. तिचं बाळंतपण ते करणार आहेत का?"

"तू वाटेत पडलीस तर बाळंतपण कोण करणार?"

"पडायचं ते इथेही पडेन."

मी जाते असं मी म्हणाले. माझे यजमान तेव्हा मदुरैला नोकरीला होते, महिन्याकाठी येत. घर मीच चालवत होते आणि मला अडचण नव्हती. पण जावई खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही या वहिनी, जरूर या. पण तिला अम्मा हवी आहे." ते बरोबरच होतं. दोनदा जे झालं त्या दोन्ही वेळी तिला सावरायला उशाशी आत्याबाईच होत्या. तिसऱ्यांदा मूल हाती लागायचं तर अम्मा हवीच, असं नणंदेनं मनाशी धरलं होतं. तिला समजावण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. आत्याबाईंना पापनाशमपर्यंत धडधाकट कसं न्यायचं, एवढाच प्रश्न होता. मी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मामंजींचं पान नुकतंच जमलं होतं. आत्याबाई दाराशी पाटावर बसल्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अम्मा, गोळी घेतली की डोकं ठणकतं का?"

"नाही."

"चेहरा गरम होतो? कानशिलं धडधडतात?"

"काही नाही."

"जिभेला जरा चुरचुरतं तरी?"

"जिभेला कशाला चुरचुरेल? गोळी जिभेला लागतच नाही."

डॉक्टरांनी नाडीवरची बोटं काढली. "मग ठेवता कुठे?"

"ठेवते कुठे? घेते." मी आणून ठेवलेला टंबलर त्यांनी उचलला, मान मागे टाकली आणि दोन बोटांनी हवेतली गोळी घशात टाकून दाखवली. मागून पाण्याची धार. सगळं एका दमात, एक थेंब न सांडता.

"मी जिभेखाली ठेवायला सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"ते ऐकलं मी. कडू लागू नये म्हणून सांगतात तसं, लहान मुलांना मधातून देतात तशापैकी. मला कडूचं काही वाटत नाही. आणि औषध झालं तरी तोंडात धरून बसायचं म्हणजे काय."

डॉक्टर हसले नाहीत. मामंजी हसले, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना ठसका लागला. पाठ चोळून घेऊन, चूळ भरून ते परत आले. मग डॉक्टरांनी आत्याबाईंना सोडून मामंजींनाच विचारलं, "मामा, तुम्ही तंबाखू गिळता?"

"गिळली तर संध्याकाळपर्यंत उताणा पडेन."

"मग ती डोक्यापर्यंत जाते कशी? झिणझिण्या येतात ना?"

"गालातून जाते. हे काय विचारणं झालं?"

"चुना कशाला लावता?"

"चुन्याशिवाय ती चढतच नाही."

"हेच," डॉक्टर दाराकडे वळून म्हणाले. गालाच्या आतली कातडी, जिभेखालची कातडी, हातापायांच्या कातडीसारखी जाड नसते. ती ओली असते, पातळ असते आणि तिच्या लगेच खाली रक्ताच्या बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. काही पदार्थ तिच्यातून झिरपतात आणि थेट रक्तात जातात. तंबाखूतलं द्रव्य चुन्यामुळे झिरपायला मोकळं होतं. ही गोळी तर चुन्याशिवायच झिरपते. तिथून ती क्षणात हृदयाशी पोचते. पण गिळली की वाट वेगळी. पोटातून जे रक्तात जातं ते आधी यकृतातून जातं, आणि हे औषध यकृत तिथल्या तिथे मोडून टाकतं. हृदयाच्या वाट्याला नावापुरतं उरतं. "अम्मा, गोळ्या चांगल्या होत्या. तुमचं हृदयही मला भीती वाटली तेवढं वाईट नसेल. तुम्ही औषध घेतलेलंच नाही अजून."

मग जाता जाता त्यांनी मामंजींना तोंड उघडायला लावलं आणि उजवा गाल पाहिला. आत पांढरट, चरबरीत डाग पडला होता. "हेच दार तुम्ही दिवसभर उघडं ठेवून बसता. बंद करा." मामंजींनी ते तेवढंसं मनावर घेतलं नाही. पुढे तंबाखू त्यांनी कमी केली, सोडली नाही. आमचं लक्ष त्या दिवशी दुसरीकडे होतं.

मला वाटलं, सुटला प्रश्न. तसं नव्हतं. डॉक्टर गेल्यावर आत्याबाई बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आता यांच्यासारखा गाल फुगवून बसायचं."

"इवलीशी गोळी, आत्याबाई. गाल कशाला फुगेल?"

"इवलीशी असो नाहीतर लाडवाएवढी असो. तोंडात आहे ना? दुखतं ते कुठे दुखतं, चुलीपाशी, नाहीतर देवापाशी. नैवेद्य हातात आणि तोंडात उष्टं. त्यापेक्षा कळ परवडली."

तिण्णैवरून मामंजी म्हणाले, "जन्मभर मला बाहेर बसवलंस. आता ये, शेजारी जागा आहे."

"तुमच्या शेजारी बसायला मी कचेरीतून निवृत्त झालेले नाही."

मी वाद घातला नाही. सोवळ्याचे नियम मला माहीत होते. मीही त्याच घरात ओलं लुगडं नेसून स्वयंपाक करत होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: कळ आली की हातातलं काम सोडायचं, आणि गोळी उभ्यानं घ्यायची नाही, कारण चक्कर येते. सोवळ्याचा नियम म्हणत होता: तोंडात काही असेल तर आत थांबायचं नाही. मला दोन्हींत भांडण दिसेना. मी मधल्या सोप्यात, स्वयंपाकघराच्या बाहेर, एक पाट कायमचा मांडला. वरच्या कोनाड्यात गोळ्यांची बाटली, खाली चूळ भरायला तांब्या आणि घंगाळ. आत्याबाईंना म्हणाले, "कळ आली की बाहेर या. पाटावर बसा. गोळी विरघळली की चूळ भरा, हात धुवा आणि पुन्हा आत जा. तोवर चूल मी बघते. उष्टं आत जाणार नाही."

त्यांनी पाट पाहिला, कोनाडा पाहिला, तांब्या उचलून त्यात पाणी आहे का ते पाहिलं. "आणि भाताला कढ आला असला तर?"

"तर मी उतरवीन."

"तू पाणी जास्त ठेवतेस," त्या म्हणाल्या. मी समजले, की जमलं.

बाटलीचं बघावं लागलं. आतला कापूस काढायचा, बूच घट्ट लावायचं, उन्हात ठेवायची नाही. मामंजींनी जवळ असाव्यात म्हणून चार गोळ्या पानाच्या डब्यात, लवंगांच्या खणात टाकून ठेवल्या होत्या. त्या मी काढून टाकल्या. उघड्यावर त्यांचा जोर उडून जातो.

पहिल्यांदा कळ आली ती फोडणी देताना. आत्याबाई उठून बाहेर आल्या, बसल्या आणि गोळी जिभेखाली ठेवली. जन्माची सवय अशी सुटत नाही. गोळी तिथे गेली मात्र, त्यांनी आवंढा गिळला आणि गोळी गेली. दुसऱ्या वेळीही तेच. तोंडात वस्तू आली की घसा आपोआप उघडे. त्या स्वतःवरच चिडल्या. "माझ्या घशाला शिस्त नाही," म्हणाल्या.

तेव्हा मामंजी सोप्यात येऊन उभे राहिले. त्यांचा गाल रिकामा होता. "जिभेखाली नको. तिथे पाणी साठतं आणि माणूस गिळतो. गालात ठेव. वर, दाढांच्या बाहेर, हिरडी आणि गाल यांच्या मधे. बोटानं नीट सरकव आणि मग विसर. जीभ लावायला जाऊ नकोस, ती चौकशी करायला जाते. मान जराशी पुढे. मागे टाकशील तर संपलं."

"विद्या आहे म्हणायची ही."

"तू कधी विचारलंच नाहीस."

डॉक्टरांना विचारलं. गालातही चालेल, म्हणाले. पुढच्या वेळी आत्याबाईंनी मान पुढे घालून, डोळे मिटून, गोळी गालात धरली. मामंजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मी आत चुलीपाशी होते आणि कान बाहेर होते. भाताचा कढ आला, मी झाकण सरकवलं, तोवर त्यांचा आवाज आला, "अगं, डोकं ठणकतंय." मग थोड्या वेळानं, "छातीवरचं उतरलं." ठणकणारं डोकं धरून त्या एवढ्या समाधानानं बसल्या होत्या की मी डोक्याला लावायला सुंठ उगाळायला घेतली होती ती तशीच ठेवली.

असं आणखी काही वेळा झालं. दर वेळी उतरलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि परवानगी दिली, अटींसह: घाई नाही, ओझं नाही, जिना नाही, आणि बाटली ट्रंकेत नाही, अंगावर. मला याद्या करायची सवय आहे. मी तीन केल्या, एक आत्याबाईंच्या सामानाची, एक बाळंतिणीच्या डिंक-सुंठीची, एक मागे घराची: तुळशीला पाणी कोण घालणार, दूधवाल्याला कोण सांगणार, किल्ली कोणाकडे. बाटलीसाठी मी त्यांच्या चोळीला आतून खिसा शिवला.

आम्ही तिघं जटक्यानं, म्हणजे घोडागाडीनं, स्टेशनवर गेलो आणि सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसलो. पापनाशम लांब नाही. पण गाडीला त्या दिवशी गर्दी होती आणि आमचा डबा पुढे थांबला. फलाटावरून चालताना मी आत्याबाईंना दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा त्यांनीच मला पुढे ढकललं, गाडी सुटेल म्हणून. गाडी हलली, खिडकीतून भाताची शेतं सुरू झाली, आणि त्यांचा हात छातीवर गेला.

त्यांनी खिशातून बाटली काढली, गोळी गालात ठेवली, मान पुढे केली. मी वारा घालत होते. वेळ गेला, पण चेहऱ्यावरचा ताण जाईना. त्यांनी गालाकडे बोट दाखवलं, मग बोटं चोळून दाखवली, वाळू चोळावी तशी. मला कळलं. गोळी तशीच होती. उन्हाचे दिवस, पहाटेपासून पोटात काही नाही, चालून दम लागलेला. तोंड पार कोरडं पडलं होतं. कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही, आणि विरघळल्याशिवाय ती गालातून जात नाही.

मी पाण्याचा कूजा पुढे केला. त्यांनी मान हलवली. पाणी वरूनच घेणार, आणि वरून घेतलं की धारेबरोबर गोळी घशात. ते त्यांनाही कळत होतं. कपाळावर घाम आला होता. समोरच्या बाकावर मामंजी बसले होते, तोंड पानानं भरलेलं. ते खिडकीकडे वळले, सगळं पान बाहेर थुंकलं, धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले आणि पुढे वाकून अगदी शांतपणे बोलायला लागले.

"तुझी आई ईडलिंबाचं लोणचं करायची, आठवतं? खारवून वाळवलेलं. काळं झालेलं. मी पहिल्यांदा सासरी आलो तेव्हा दहीभाताबरोबर वाढलं होतं. एक फोड चाखली आणि दोन्ही डोळे मिटले. आंबट म्हणजे किती आंबट. कानाच्या मागे ओढ बसली. मीठ वर साकळलेलं. जिभेच्या दोन्ही कडांना झोंबलं. तुझे भाऊ हसत होते. मी दुसरी फोड मागितली. आतून अजून ओली होती ती, रस सुटला."

शेजारच्या बाईनं तोंडातलं पाणी गिळलेलं मी पाहिलं. माझ्याही जबड्यापाशी पाणी सुटलं होतं. आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मामंजी सांगत होते, थांबत नव्हते. लोणच्यानंतर कच्ची चिंच मिठाला लावून, चिंचेनंतर आवळा. आत्याबाईंच्या गालाची कड किंचित हलली. मग कपाळाला हात गेला, आणि मला त्या हाताचा अर्थ आता ठाऊक होता. हळूहळू खांदे खाली आले.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि मामंजींकडे पाहिलं. "त्यात मेथीही असायची," त्या म्हणाल्या. "मेथी तुम्ही विसरलात."

"विसरलो," मामंजी म्हणाले. त्यांनी डबा उघडला, बंद केला आणि पापनाशम येईपर्यंत पान लावलं नाही.

नणंदेला आम्ही सांगितलं, प्रवास छान झाला. ती आईच्या गळ्यात पडायला उठू लागली तेव्हा आत्याबाईंनी तिला डोळ्यांनीच परत आडवं केलं. त्यानंतरचे दिवस बरे गेले. कामं मी घेतली, आत्याबाई उशाशी बसून लेकीचं डोकं दाबत, तिचे केस विंचरत, गेल्या दोन्ही वेळांबद्दल एक शब्द काढत नसत.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांच्याबरोबर सुईण आली. आत्याबाई लेकीचा हात धरून होत्या. ऊन वर आलं तेव्हा मी पाहिलं, त्यांचा दुसरा हात स्वतःच्या छातीवर होता. माझ्याकडे बघून त्यांनी जागा सोडली, मी ती घेतली, आणि त्या बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या. दार अर्धं उघडं होतं. मला त्यांची पाठ दिसत होती, मान पुढे घातलेली.

"अम्मा कुठे गेली?" नणंद ओरडली. "अम्मा."

"आहेत, इथेच दाराशी आहेत," मी म्हणाले.

"मग बोलत का नाही? अम्मा, काय झालं? सांग ना, काय झालं?" तिला वाटलं, बाहेर कोणी काही वाईट सांगतंय, गेल्या वेळेसारखं. ती मानेनं उठायला बघत होती, डॉक्टरीणबाई तिला दाबून धरत होत्या. ओसरीवर आत्याबाईंनी बोलायला तोंड उघडलं असतं तर गोळी गेली असती. त्या उठल्या, गाल एका हातानं धरला, दुसरा हात भिंतीला लावत आत आल्या आणि लेकीच्या डोक्याशी येऊन बसल्या. गोळी तोंडात होती. त्यांनी आपला गाल तिच्या कपाळाला टेकवला.

नणंद गप्प झाली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं ती करत गेली.

मुलगी झाली. आधी बारीक, मग घर डोक्यावर घेणारं रडली. सुईणीनं तिला पुसून आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. मी तापायला ठेवलेलं पाणी बघायला स्वयंपाकघरात गेले, ते उकळून अर्धं झालं होतं. दुसरं चढवलं, दारातून जावयांना सांगितलं, मामंजींना सांगितलं. परत आले तेव्हा आत्याबाई तशाच बसल्या होत्या, नातीला धरून, चेहरा लाल, कानशिलं धडधडत असलेली, आणि अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या. नणंद मात्र त्यांना सगळं सांगत होती, कुठे कसं दुखलं आणि कधी वाटलं की आता होणार नाही, जणू ते सगळं होताना आत्याबाई त्या खोलीत नव्हत्याच.